दोनशे दहा पावलांवरचं गोदाम

आमच्या इलोइलो शहरातल्या जुन्या धक्क्यावरून चालायचा रस्ता मी आखलाय. हो, मीच. जोव्हेल सुमागायसाय, दहावी, तुकडी नार्रा. मागच्या वर्षी हजेरी देताना माझा आवाज दुसऱ्या बाकापर्यंतही पोचायचा नाही. आता पालमारेस मॅडम म्हणतात, "जोव्हेल, श्वास घ्यायला तरी थांब." काय करणार? बोलायला विषयच इतका भारी मिळालाय.

झालं असं की नगरपालिकेने ठरवलं, नदीकाठच्या बंद पडलेल्या गोदामांतून, कारखान्यांतून लोकांना चालायला एक रस्ता करायचा. नऊ थांबे, प्रत्येक थांब्यावर एक लोखंडी पाटी. थांबे शोधायचं काम शाळांकडे दिलं आणि आमच्या शाळेचा नकाशा निवडला गेला. पहिला थांबा कस्टमचा मनोरा. मग दोरखंडवाल्यांची गल्ली, मग खलाशांसाठी महिनाभर टिकणारी बिस्किटं भाजायची ती भट्टी, मग गंजलेली यारी, म्हणजे जहाजांचा माल उचलायची क्रेन, जिच्या टोकावर आता बगळे राहतात. मी हे सगळं लहानपणापासून बघत आले होते, पण बघत नव्हते. आता यारीखाली उभी राहिले की मान मागे टाकून बघतच राहते. एवढं लोखंड माणसांनी उभं केलं, तेही भरती-ओहोटीच्या चिखलात! मला तर वाटतं आमच्या कॅथेड्रलइतकीच ती यारी मोठी आहे. हे मी एकदा घरी म्हणाले आणि आईने क्रूसाची खूण केली.

पण माझा सगळ्यात लाडका थांबा पाचवा. सान रोके गोदाम.

सान रोके आता नाही. आई जन्मायच्या आधीच ते जळालं आणि नंतर राहिलेल्या भिंतीही लोकांनी विटा-विटा करून नेल्या. कुठल्या नकाशात ते सापडत नाही. ते फक्त एका माणसाच्या डोक्यात आहे. तो माणूस म्हणजे लोलो तेबान. ते माझे सख्खे आजोबा नाहीत, पण आमच्या गल्लीत सगळेच त्यांना लोलो म्हणतात. वय शहाऐंशी. गुडघे कामातून गेलेत, म्हणून मुलीच्या तांदळाच्या दुकानासमोर दिवसभर प्लास्टिकच्या खुर्चीत बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या चालीला नावं ठेवतात. तरुणपणी ते धक्क्यावर हमाल होते. नेग्रोस बेटावरून साखर घेऊन शिडाची गलबतं यायची आणि ती साखर मानेवर घेऊन सान रोकेत पोचवायची, हे त्यांचं काम.

आठ रविवार मी प्रार्थना आटोपली की त्यांच्याकडे जाऊन बसले. एका पोत्याचं वजन त्रेसष्ट किलो. ते पाठीवर नाही, मानेवर घ्यायचं, डोकं खाली घालून.

"गलबत आणि धक्का, मध्ये एक फळी," लोलो सांगायचे. आमच्याकडे मोठी माणसं मुलींना इंदाय म्हणतात, म्हणजे पोरी. "फूटभर रुंद. आणि ती नाचते, इंदाय. ती वर येते तेव्हा पाऊल टाकायचं. खाली जाताना टाकलंस की गेलीस."

"तुम्ही कधी पडलात, लोलो?"

"एकदा."

"आणि पोतं?"

"पोतं कशाला पडेल? ते फळीवर नीट ठेवलं आणि मग पडलो."

मी हसून हसून खुर्चीवरून घसरले. पण घरी जाऊन विचार केला, आणि मग हसू आलं नाही. नाचत्या फळीवर तोल जाताना आधी पोतं नीट ठेवणारा माणूस! मला वर्गात निबंध वाचतानाही कागद दोन्ही हातांनी घट्ट धरावा लागायचा.

"मानेवर पोतं असलं की समोरचं काही दिसत नाही," ते म्हणाले होते. "पुढच्याच्या टाचा तेवढ्या दिसतात. म्हणून मोजायचं. धक्क्याच्या शेवटच्या खुंट्यापासून दोनशे दहा पावलं, की सान रोकेचा उंबरा. झोपेतून उठवून विचार. दोनशे दहा."

शेवटचा खुंटा अजून आहे. गलबतं बांधायचा, बेडकासारखा फुगलेला, लोखंडी. मी त्याच संध्याकाळी तिथून दोनशे दहा पावलं चालले, गाड्या धुवायच्या जागेमागे एका जुन्या भिंतीशी पोचले आणि नकाशावर लाल पेनने पाच आकडा काढला. किती खूश होते मी. इतकी खूश की ती भिंत कसली, हे विचारायचंही सुचलं नाही.

शनिवारी सकाळी नगरपालिकेकडून इंजिनिअर बेलारमिनो रस्ता चालून बघायला आले. बारा वाजता पाट्यांची यादी कारखान्याकडे जाणार होती. त्यात जे असेल ते लोखंडात, नसेल ते विसरा. पालमारेस मॅडम फुलाफुलांची छत्री घेऊन होत्या. लोलो तेबान सायकलरिक्षात होते, पांढरा इस्त्रीचा शर्ट, नवी टोपी, हातात काठी. रिक्षावाला त्यांना फुकट नेत होता, कारण त्याचा बापही सान रोकेचा हमाल होता.

पहिल्या चार थांब्यांवर मी जे काही बोलले ना! भट्टीपाशी मी पीठ मळणाऱ्या बायांचं असं वर्णन केलं की इंजिनिअरसाहेबांनी खिशातून बिस्किट काढून खाल्लं. यारीखाली तर दोन अनोळखी सायकलवालेही थांबून ऐकत होते. मॅडमनी छत्रीआडून अंगठा वर करून मला शाबासकी दिली.

मग शेवटचा खुंटा. मी मोठ्याने मोजत सगळ्यांना घेऊन गेले. दोनशे आठ, दोनशे नऊ, दोनशे दहा. "आणि हे," मी हात पसरून म्हणाले, "सान रोके गोदाम!"

इंजिनिअर बेलारमिनोंनी भिंतीकडे बघितलं, मग हातातल्या फायलीकडे, मग परत भिंतीकडे. आम्ही इलोइलोचे लोक रागावलो तरी लाडीगोडी लावल्यासारखंच बोलतो. त्यामुळे ते वाईट बोलतायत हे कळायला मला जरा वेळ लागला.

"इंदाय, ही बर्फाच्या कारखान्याची भिंत आहे. हा बघ पाया, हा इथून पार तिकडे त्या आंब्यापर्यंत जातो. याचे कागद आहेत माझ्याकडे. बर्फाचा कारखाना आणि साखरेचं गोदाम एकाच जागी? सरबत करायचं का?"

सायकलवाले हसले. मॅडम हसल्या नाहीत.

"लोलोंनी सांगितलंय," मी म्हणाले. "दोनशे दहा."

"अगं, साठ वर्षं झाली त्याला. माझे वडील कालचं जेवण विसरतात." मग रिक्षाकडे वळून ते अगदी अदबीने म्हणाले, "लोलो, तुमचा दोष नाही हो. पण खोट्या जागी पाटी लावली तर उद्या लोक मला विचारतील. पाच नंबर काढू या. आठ थांबेही खूप झाले."

लोलोंनी टोपी काढून मांडीवर ठेवली. भिंतीकडे बराच वेळ बघितलं. "ही बर्फाचीच," ते हळूच म्हणाले. "आम्ही इथे पाठ टेकायचो, गार लागायची. बाकी आजूबाजूचं आता काही ओळखू येत नाही." मग माझ्याकडे बघून, "पण दोनशे दहाच होती, इंदाय. मी वेडा नाही झालेलो."

"नाही, लोलो."

"चाळीस जण होतो. एकाचाही फोटो नाही. निदान जागा तरी लिहितील म्हटलं." एवढं बोलून त्यांनी टोपी परत घातली, पण उलटी, आणि कुणीच त्यांना ते सांगितलं नाही.

मला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि राग कुणाचा हे कळत नव्हतं. घड्याळात दहा वाजले होते. मॅडम म्हणाल्या, आधी काहीतरी खाऊन घेऊ. खुंट्याजवळच एक खाणावळ आहे, तिथे सगळ्यांनी बाचोय मागवलं. गरम रस्सा, शेवया, वर कुरकुरीत चरबी. मी जन्मात पहिल्यांदा बाचोय अर्धं टाकलं.

तेवढ्यात बाहेरून आवाज आला, "वाट सोडा, वाट सोडा, नाहीतर पायावर देईन!"

नांग सलुद, म्हणजे सलुदताई. लोलोंची मुलगी, पन्नाशीची, तांदळाच्या दुकानाची मालकीण. ती गिऱ्हाइकांना स्वतः माल पोचवते, कारण तिच्या मते कामाला ठेवलेला माणूस पोतं कमी आणि मोबाइल जास्त उचलतो. रस्त्यापलीकडे तिची हातगाडी उभी होती आणि मानेवर पन्नास किलोचं पोतं. बापासारखीच बुटकी, बापासारखीच रुंद.

"काय गं, झाली का तुझी सहल? माझ्या म्हाताऱ्याला उन्हात भाजून काढलंस का?"

मी तिच्या मागून चालत सगळं सांगायला लागले. बर्फाची भिंत, पाया, कागद, सरबत. खाणावळीच्या स्वयंपाकघरापर्यंतची वाट लांबट आहे, आणि चालता चालता दोनदा माझा पाय तिच्या टाचेवर पडला.

"पुढे बघून चाल की! माझ्या चपलेचा जीव घेशील."

"नांग, तूच हळू चालतेस!"

"मी हळू चालत नाही. मी चालतेय."

पोतं टाकून ती दुसरं आणायला हातगाडीकडे परत निघाली. माझी गोष्ट अजून संपली नव्हती, म्हणून मीही मागे. आणि आता मला धावावं लागलं. खरंच धावावं लागलं! ती दहा ढांगांत रस्ता ओलांडून गेली आणि मी धापा टाकत मागे.

"नांग! तू आता पळालीस का?"

"पळेन कशाला? रिकामी आहे ना."

मी रस्त्याच्या मध्येच उभी राहिले. एका मोटारसायकलवाल्याने मला जे म्हटलं ते इथे लिहिणार नाही. मग मी उलटी फिरून तीरासारखी लोलोंकडे गेले.

"लोलो! दोनशे दहा तुम्ही कधी मोजलीत? जाताना की येताना?"

"जाताना. गोदामाकडे."

"पोतं घेऊन?"

"मग काय फुगा घेऊन?"

"आणि परत येताना? रिकाम्या हाताने किती पावलं व्हायची?"

लोलोंनी मी मूर्ख असल्यासारखं बघितलं. "परत येताना कोण मोजतं? परत येताना दिसत असतं की सगळं. परत येताना आम्ही पळायचो." आणि मग त्यांचं तोंड तसंच उघडं राहिलं. गोदाम जळाल्यानंतर इतक्या वर्षांत तो आकडा त्यांनी शंभर लोकांना सांगितला असेल. ओझ्याखालचं पाऊल आणि मोकळं पाऊल वेगळं असतं, हे सांगायचं त्यांना कधी सुचलंच नाही. त्यांच्या दृष्टीने त्या वाटेवरचं पाऊल म्हणजे ओझ्याचंच पाऊल. दुसरं कुठलं असतं?

"साहेब," मी इंजिनिअर बेलारमिनोंना म्हणाले, आणि माझा आवाज अजिबात कापला नाही, "आपण चुकीचं चाललो. पुन्हा चालायचंय."

त्यांनी घड्याळ बघितलं. अकरा वाजत आले होते. "इंदाय, कितीही वेळा चाललीस तरी भिंत बर्फाचीच राहणार."

"मी नाही चालणार. नांग सलुद चालेल. पोतं घेऊन."

"कोण चालेल?" नांग सलुद दारातून ओरडली. "या उन्हात? पोतं माझं, मान माझी, आणि रस्ता तुझा? फार शहाणी झालीस हं तू. गेल्या वर्षी बरी होतीस, तोंड उघडत नव्हतीस."

"सलुद," लोलो म्हणाले.

एवढंच. त्यांनी तिच्याकडे बघितलंही नाही, ते खुंट्याकडे बघत होते. नांग सलुदने काहीतरी पुटपुटत खांद्यावरचा पंचा काढला, त्याची गुंडाळी केली आणि मानेवर ठेवली.

"वजन किती?" लोलोंनी विचारलं.

"पन्नास."

"आमचं त्रेसष्ट होतं."

"तुमची मुलगी आहे मी, गाढव नाही!"

पण तिने हातगाडीतली दहा किलोची पिशवी स्वतःच वर बांधायला लावली. वर माझं दप्तर ठेवलं, त्यात गणित आणि विज्ञान दोन्हीची पुस्तकं होती. वजन बरोबर जुळलं असेल असं मी म्हणत नाही, पण विज्ञानाचं पुस्तक हलकं नाही.

खुंट्यापासून ती निघाली. आणि तेव्हा मी ते बघितलं, जे आठ रविवार नुसतं ऐकलं होतं. मान खाली, गुडघे जरासे वाकलेले, पाऊल जेमतेम पुढच्या पावलाला शिवेल एवढंच, जमिनीला घासत, पण थांबणं नाही. डुलत नाही, अडखळत नाही. पाण्यावरून होडी सरकावी तशी ती सरकत होती. बाजूने रिक्षा, रिक्षात लोलो, मोठ्याने मोजत, आमचे सगळे म्हातारे मोजतात तसे स्पॅनिश आकड्यांत. त्यांचा आवाज पहिल्या वीस आकड्यांत म्हाताऱ्याचा होता. शंभरीनंतर नव्हता. मध्येच ते ओरडायचे, "टाच! टाच आधी नको टेकवूस!" आणि पोत्याखालून उत्तर यायचं, "तुम्हीच या मग खाली!"

दीडशेला आम्ही अजून वळणावरच होतो. मघाशी दीडशेला मी गाड्या धुवायच्या जागेपाशी पोचले होते. इंजिनिअर बेलारमिनो आधी मागून येत होते, मग बरोबर आले, मग पुढे होऊन उलटे चालत नांग सलुदच्या पायांकडे बघायला लागले. मॅडमनी छत्री तिच्या डोक्यावर धरायचा विचार केला, पण पोतंच इतकं उंच होतं की तो बेत सोडला.

दोनशे दहा.

"इथे!" लोलो म्हणाले.

नांग सलुद थांबली. बर्फाची भिंत अजून चाळीस मीटर पुढे होती. इथे काहीच नव्हतं. नव्या पदपथाचं कुंपण, आणि कुंपण आणि रस्ता यांच्यामध्ये कमरेएवढं गवत. चौघांनी मिळून पोतं उतरवलं.

मग इंजिनिअरसाहेबांनी आपल्या पिशवीतून लोखंडी सळई काढली. गवतात खुपसली. माती. दोन पावलं बाजूला खुपसली. माती. तिसऱ्यांदा खुपसली आणि आवाज आला, टण्.

त्यानंतर मॅडम आपल्या शनिवारच्या चांगल्या स्कर्टवर गुडघे टेकून गवत उपटत होत्या, हे मी आमच्या वर्गात कितीदा सांगितलं तरी कुणाचा विश्वास बसत नाही. सायकलवालेही परत आले होते, तेही उपटत होते. आधी काळ्या दगडाची कड दिसली. मग दगड लांब होत गेला, एक माणूस आडवा झोपेल एवढा, मग दोन माणसं झोपतील एवढा. उंबरा. सान रोकेचा उंबरा. जागच्या जागी, साठ वर्षं गवताखाली.

मी हाताने माती झाडली. दगड सपाट नव्हता. त्याला दोन खळगे होते, डावीकडे एक आणि उजवीकडे एक. डावीकडचा इतका खोल की त्यात बाचोयची वाटी बसली असती. उजवीकडचा नुसता गुळगुळीत, उथळ. एवढा कठीण दगड, आणि तो कशाने झिजला होता तर अनवाणी पायांनी. नांग सलुद घाम पुसत वाकली, डावीकडच्या खळग्यात तळवा ठेवला आणि तसाच ठेवला.

"दोन्ही सारखे का नाहीत?" इंजिनिअर बेलारमिनोंनी विचारलं. आता त्यांचा आवाज वेगळा होता, वर्गात हात वर केलेल्या मुलासारखा. फाइल त्यांनी कधीच गवतात टाकून दिली होती.

लोलो रिक्षातून उतरले. रिक्षावाल्याने एक हात धरला, मी एक. ते उंबऱ्याच्या अलीकडे उभे राहिले. "एक बाजू भरलेल्यांची, एक रिकाम्यांची," ते म्हणाले. "भरलेले डावीकडून आत. रिकामे उजवीकडून बाहेर. दार एवढं रुंद त्याचसाठी होतं."

अकरा चाळीस झाले होते. इंजिनिअरसाहेबांनी फोन काढला आणि पाट्यांच्या कारखान्याला सांगितलं, यादीत पाच नंबर ठेवा, थांबे नऊच, आणि हो, जागा बदलली आहे, नवी मापं मी स्वतः पाठवतो. मग त्यांनी माझ्या हातात खडू दिला. "पाटी येईपर्यंत तू लिही. रस्ता तुझा आहे."

मी दगडावर चढून मधोमध उभी राहिले आणि पाच आकडा काढायला वाकले. इंजिनिअरसाहेब, मॅडम, सायकलवाले, सगळे बघायला माझ्याभोवती गोळा झाले.

"ए, ए!" लोलो ओरडले. काठी वर करून त्यांनी आम्हा सगळ्यांना बाजूला हाकललं. "उजवीकडे नका उभे राहू! तिकडून रिकामे येतात. पळत येतात, धक्का लागेल."

आणि आम्ही सगळे, नगरपालिकेच्या इंजिनिअरसकट, पटकन डावीकडे सरकलो आणि वाट मोकळी केली.